आमाला कोन इचारायलंय!

सर्व संबंधितांस या लेखाद्वारे गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, सहकाऱ्याला मेमो मिळाला म्हणून त्याच्यावर जळणारा कारकून आजवर एकच झाला. तो आमच्या परभणीच्या सरकारी कचेरीत झाला, आणि त्याचं टेबल माझ्या टेबलाला लागून होतं. बाकीच्या जिल्ह्यांनी उगाच दावा सांगू नये.

बाबाराव चारठाणकर. आवक-जावक कारकून. कचेरीत येणारा प्रत्येक लिफाफा त्यांच्या हातून जायचा आणि एकावरही त्यांचं नाव नसायचं. स्टोअरच्या खिल्लारेंना उशिरा येण्याबद्दल मेमो आला, तेव्हा बाबारावांनी तो नोंदवला, शिक्का मारला आणि खिल्लारेंच्या पुढ्यात आपटला.

"घ्या. नशीबवान हाव."

"अहो बाबाराव, मेमो आहे हा!"

"असू द्या की. सायबाला तुमची आठवण तर झाली. आमी दोन वर्षं उशिरा आलो तरी आमाला कोन इचारायलंय!"

हे त्यांचं पालुपद. कुणाची बदली झाली, कुणाला मुलगी झाली, कुणाच्या पायात काटा मोडला, बाबाराव एक सुस्कारा टाकून हेच म्हणत. मी तापातून उठून कामावर आलो, तेव्हा सगळी कचेरी माझ्या टेबलाभोवती जमली. दुसऱ्या दिवशी भर वैशाखात बाबाराव गळ्याला मफलर गुंडाळून हजर! दुपारपर्यंत कुणी काही बोललं नाही. शेवटी घामाघूम होऊन त्यांनीच मफलर सोडला आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू त्यांचा ताप मीच पळवला होता.

रविवारीसुद्धा हा गृहस्थ कचेरीपर्यंत चालत येई. कुलूप नीट आहे का ते बघायला, म्हणे. साहेबांच्या नजरेत भरण्याचा हा डाव आहे, असं आमचं एकमत होतं.

तर चौऱ्याहत्तर-पंचाहत्तरच्या सुमाराची गोष्ट. औरंगाबादेहून मालतीबाई गायकवाड नावाची एक तरुण मुलगी आली. आमच्याच जिल्ह्यातल्या झरी गावच्या एका मास्तरांची लेक. सरकारी नोकर काम कसं करतात आणि त्यांच्या मनात काय चालतं, यावर प्रबंध लिहीत होती. तिचं पत्रही बाबारावांनीच नोंदवलं. ते वाचून त्यांनी त्याच संध्याकाळी केस कापले.

"जाधव, इचारणारं मानूस यायलंय," ते मला म्हणाले. "आता बगा."

मालतीबाई आल्या आणि म्हणाल्या, सगळ्यांशी बोलायला वेळ नाही, चिठ्ठ्या टाकू. निघतील त्यांचीच मुलाखत. बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात सगळ्यांची नावं पडली. मग बाबारावांच्या वयाचा मान राखून म्हणाल्या, "काका, तुम्हीच काढा."

बाबारावांनी डोळे मिटले, हात घातला आणि वाचलं, "जाधव." पुन्हा हात घातला. "खिल्लारे." मग आणखी कोण कोण. आवाज उतरत गेला. शेवटी निघाला दगडू शिपाई. बाबारावांचा हात अजून डब्यातच होता.

"आनखी एक काढू का, बाई?"

"नको काका, पुरे झाल्या."

पुढचे दिवस काय वर्णावे! कडुनिंबाखाली एकेकाची मुलाखत चाले आणि बाबाराव हातात तीच फाईल घेऊन तिथून येरझाऱ्या घालत. मी परतलो की मला धरत.

"काय इचारलं?"

"साहेब रागावले तर कसं वाटतं."

"मग?"

"वाईट वाटतं, म्हणालो."

"हात्तिच्या! याच्यासाठी औरंगाबादहून आली? आमाला इचारलं असतं तर तासभर सांगितलं असतं!" दगडूला तिनं खोलीत उजेड पुरतो का म्हणून विचारलं, तेव्हा तर ते भडकलेच. "दगडूचं मत घेतलं. उद्या सायबाच्या सायकलीचं घेतील!"

शेवटच्या दिवशी मालतीबाई कागद आवरून झाडाखाली टांग्याची वाट बघत होत्या. बाबाराव त्यांना साहेबांचं पत्र द्यायला गेले.

"काका, बसा ना. तुम्हाला विचारायचं राहूनच गेलं."

"पन चिठ्ठी?"

"चिठ्ठी राहू द्या हो."

बाबाराव धावत आत आले, माठातलं पाणी केसांना लावलं, भांग पाडला, गळ्याची गुंडी लावली आणि जाऊन खुर्चीत ताठ बसले. आम्ही सगळे काम टाकून खिडकीला चिकटलो. आता तासभर सुटका नाही त्या पोरीची, असं खिल्लारे माझ्या कानात हसले. खरं सांगू? तिनं कागद बाहेर न काढता, नुसतं त्यांच्याकडे बघत विचारायला सुरुवात केली, तेव्हा मलाच जरा मत्सर वाटला. आमच्या वेळी ती सारखी कागदात बघत होती.

"काका, हातून एखादं काम चांगलं झालं, तर पहिल्यांदा कुणाला सांगता?"

आम्हालाही तिनं हेच विचारलं होतं. मी म्हणालो बायकोला, खिल्लारे म्हणाले आईला. सोपा प्रश्न.

बाबारावांची स्टेशनजवळची ती एक खोली, खाणावळीचं जेवण, बायको जाऊन झालेली कितीतरी वर्षं, हे सगळं आम्हाला ठाऊक होतं आणि तरी आठवलं तेव्हाच. रविवारचं ते कुलूपही आठवलं. खिल्लारेंचं हसू जागच्या जागी थांबलं.

बाबारावांनी गुंडी चाचपली. इकडं-तिकडं बघितलं. मग त्यांची नजर खिडकीतल्या आमच्या तोंडांवर येऊन थांबली आणि ते एकदम ओरडले,

"ह्यायलाच सांगतो की, बाई! पन हे मेले ऐकतेत कुठं?"