सासऱ्यांच्या हातचा पट्टा

नात भूमिका हिच्या साखरपुड्याच्या आदल्या दिवशी जीवराम नानांनी पूर्ण बाह्यांचा सदरा घातला, बाह्या पार बोटांपर्यंत ओढल्या आणि आपली दाढ दुखत असल्याचं जाहीर केलं.

"रातच्याले तर शेंगा फोडू फोडू खाल्ल्या," इंदिराबाई म्हणाल्या.

"खाल्ल्या म्हनूनच दुखू राह्यली. वरची. जळगावले दाखवून येतो."

"मी अन् भूमिका साड्यांसाठी जळगावलेच चाललो. एकाच गाडीत चला."

नानांना हे अजिबात नको होतं, पण नाही म्हटलं तर बायकोला संशय आला असता. संशय कसा येतो, हे नानांइतकं सावद्यात कुणालाच माहीत नव्हतं. देवळात ते एक चप्पल एका कोपऱ्यात आणि दुसरी दुसऱ्या कोपऱ्यात काढत. दूध घेताना आधी भांडं हुंगत आणि मग दूधवाल्याला.

दाढ ठणठणीत होती. तुटला होता तो घड्याळाचा पट्टा, आणि तो काही साधासुधा नव्हता. लग्नात नाना रुसले होते. त्या काळी जावयाने रुसायचंच असे. कुणी सायकलीसाठी रुसे, कुणी रेडिओसाठी. नाना घड्याळासाठी रुसले आणि मांडवाच्या दारात घोड्यावरून खालीच उतरेनात. ऐनवेळी इंदिराबाईंच्या माहेरी, यावलमध्ये, मनासारखं घड्याळ मिळेना, तेव्हा सासऱ्यांनी मुकाट्याने स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ काढून जावयाच्या हातात घातलं. नाना उतरले, लग्न लागलं. त्या प्रसंगाबद्दल इंदिराबाईंनी पुढे आयुष्यात अवाक्षर काढलं नाही, आणि नाना ते समाधानाचं लक्षण समजत आले.

मेहुणा अभिमन मात्र काही विसरला नव्हता. कुठल्याही कार्याला यावलहून आला की पाणी पिण्याआधी तो नानांचं मनगट हातात घ्यायचा, पट्ट्यावरून बोट फिरवायचा आणि विचारायचा, "बाबांचं घड्याळ बरं आहे ना, दाजी?" जणू काही वस्तू सांभाळायला दिली होती. उद्या तो येणार होता, आणि पट्ट्याचे दोन तुकडे नानांच्या खिशात होते.

तेही नानांच्या स्वभावामुळेच झालं. बागेत केळीची कापणी चालली होती. व्यापाऱ्याच्या वजनकाट्याखाली काहीतरी चिकटवलेलं असणार, असं नानांच्या मनाने घेतलं. माणसांची पाठ वळताच त्यांनी काट्याखाली हात घातला. वरून कुणीतरी केळीचे घड ठेवले. हात कसाबसा सुटला, पट्टा सुटला नाही. काट्याखाली निघालं ते केळीचं एक वाळकं पान.

जळगावला मायलेकींसारख्या त्या आजी-नाती साड्यांच्या दुकानात शिरल्या आणि नाना गाल धरून उलट्या दिशेने निघाले. पहिल्या घड्याळवाल्याने तुकडे पाहून मान हलवली. "जुन्या ढंगाचा पट्टा आहे. हाशमभाईंकडे जा." दुसरा म्हणाला, "हाशमभाईंकडे जा." तिसऱ्याने तर तुकडे न बघताच तेच सांगितलं. सगळे एकाच माणसाचं नाव घेतात, म्हणजे यांची मिलीभगत असणार, हे नानांनी तिथंच ओळखलं. पण दुसरा इलाज नव्हता.

हाशमभाईंचं दुकान अरुंद गल्लीत, एका सराफाच्या शेजारी होतं. डोळ्याला भिंग लावून बसलेल्या हाशमभाईंनी तुकडे तळहातावर घेतले, जरा वेळ पाहिले, मग घड्याळ पाहिलं आणि मग भिंग काढून नानांना पाहिलं.

"कुठून घेतलेला हा?"

"घेतलेला नाही. सासऱ्यांच्या हातचा आहे. असं काम आता होत नाही."

"सासऱ्यांच्या हातचा."

"हो."

"बरं."

"बरं म्हंजे?"

"बरं म्हणजे बरं, नाना. बसा."

हाशमभाईंनी सगळ्यात खालच्या खणातून एक पाकीट काढलं. आतला पट्टा हुबेहूब तसाच होता. दोन्ही कडांना सपाट कड्या, मध्ये तांदळाएवढे बारीक गोल दाणे, आणि घड्याळाला चिकटून बसणारी वाकडी टोकं. पाकिटावर 'विंटेज स्टाईल' असं छापलेलं होतं.

"म्हंजे काय?" नानांनी विचारलं.

"विंटेज म्हणजे जुन्या जमान्याचं."

"अन् स्टाईल?"

"स्टाईल म्हणजे... तशा ढंगाचं."

"म्हंजे जुनं नाही. ते सोताच लिहू राह्यले की हे नकली आहे!" नानांनी पट्टा उन्हात धरला, हुंगला, कानाजवळ नेऊन हलवला. मग तुटका तुकडा शेजारी ठेवला. "हे पाहा. याच्या दाण्यांची झळाळी पाहा. अस्सल माल असा राहतो. तुमच्या दाण्यांले ती कळा नाही."

"नाना, दोन्ही एकाच..." हाशमभाई थांबले.

"एकाच काय?"

"एकाच मापाचे आहेत, म्हणत होतो."

मग हाशमभाईंनी स्प्रिंगचा पट्टा दाखवला. त्याने नानांच्या मनगटावरचे केस ओढले. जाळीचा पट्टा दाखवला. तो नानांना पिठाच्या चाळणीसारखा वाटला. सोनेरी मुलाम्याचा दाखवला, तर नानांनी त्यावर नख घासून नख बघितलं. दर वेळी हाशमभाई तो पहिला पट्टा हळूच पुढे सरकवत आणि दर वेळी नाना तो मागे सारत. दुकानदार एवढा आग्रह करतो म्हणजे मालात खोट असणार, याबद्दल आता त्यांना खात्रीच पटली होती.

"राहू द्या पट्टा," हाशमभाई म्हणाले. "आधी घड्याळाला अडकून राहिलेलं जुन्याचं टोक तर काढू. पिन गंजून अडकली आहे." त्यांनी घड्याळ छोट्या शिकंज्यात पकडलं, पिनेवर तेलाचे थेंब सोडले आणि टोपी उचलली. "भिजू द्या. आज जुमा आहे. नमाज पढून येतो."

"घड्याळ?"

"तेलात आहे. हलवू नका."

आणि नाना चपला शोधेपर्यंत शटर खाली आलंसुद्धा.

आता नानांची खरी परीक्षा सुरू झाली. घड्याळ आत, नाना बाहेर, आणि घड्याळवाले आतलं मशीन बदलतात हे तर जगजाहीर. ते पायरीवर बसले. मग त्यांच्या मनात आलं, मागे दार असेल तर? ते गल्लीला वळसा घालून मागे गेले. दार होतं! मागे बसावं तर पुढचं शटर दिसेना, पुढे बसावं तर मागचं दार. नाना फेऱ्या मारू लागले. मधेच शटरच्या फटीला डोळा लावत, मधेच मागच्या दाराला कान लावत.

शेजारच्या सराफाचा पहारेकरी बराच वेळ हे बघत होता.

"ओ बाबा, काय पाहू राह्यले?"

"काही नाही. सहज."

"सहज कोन फटीतून पाह्यतं? कुठले तुम्ही?"

नानांना आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी नानांच्या नजरेने पाहत होतं, आणि ते त्यांना मुळीच आवडलं नाही. चार माणसं जमली. पहारेकऱ्याने खिशात काय आहे ते दाखवायला सांगितलं, तर खिशातून निघाले पट्ट्याचे तुकडे. "कोणाच्या हातातून तोडलं हे?" असं कुणीतरी विचारलंच.

तेवढ्यात हितेंद्र दिसला. हा सावद्याचा, नानांच्या शेजारचा तरुण, केळीच्या व्यापाराच्या कामाने आलेला. "अहो, हे आमचे नाना! मोठे बागायतदार आहेत," असं सांगून त्याने माणसं पांगवली. मग त्याची नजर नानांच्या मनगटावर गेली. फेऱ्यांच्या नादात बाह्या वर सरकल्या होत्या आणि घड्याळाच्या जागी फक्त पांढरा पट्टा उमटलेला होता. हितेंद्रने मनगट पाहिलं, सराफाची पाटी पाहिली आणि त्याचा चेहरा एकदम गंभीर झाला.

"नाना, काही अडचन होती तर आम्हाले सांगायचं ना," असं म्हणून तो फोन कानाला लावत लांब गेला.

थोड्याच वेळात नानांचा फोन वाजला.

"काढली का दाढ?" इंदिराबाई होत्या.

"काढली."

"मंग इतकं साफ कसं बोलू राह्यले?"

नानांनी चटकन जीभ गालात कोंबली. "ऊं... ओ ना. लई दुखलं."

"कोनती काढली?"

"आलची."

"सकाळी वरची दुखत होती," इंदिराबाई म्हणाल्या आणि फोन बंद झाला.

मोबाइल खिशात ठेवतात न ठेवतात तोच इंदिराबाई गल्लीत शिरल्या. हातात साडीची पिशवी, पदर कमरेला, भूमिकाला साड्यांच्या दुकानातच बसवून आलेल्या. पायरीवरच्या नानांसमोर त्या उभ्या राहिल्या. "गहान टाकलं का इकलं?"

"अवो, मी कशाले इकू?"

"मंग कुठी आहे माह्या बाबांचं घड्याळ?"

आवाज चढला नव्हता, पण नाना पायरीवरून उठून उभे राहिले. काटा, केळीचे घड, वाळकं पान, सगळं त्यांनी एका दमात सांगून टाकलं आणि पुराव्यादाखल तुकडे पुढे केले. इंदिराबाईंनी तुकड्यांकडे पाहिलं आणि काय झालं कोण जाणे, त्यांचा राग खाडकन उतरला. "जाऊ द्या मंग. पट्टाच तं तुटला," त्या घाईघाईने म्हणाल्या. "चला इथून. घड्याळ मंग कोनाले तरी आनायले लावू."

एवढ्या लवकर माफी? नानांच्या मनात पाल चुकचुकली.

तेवढ्यात हाशमभाई परत आले आणि त्यांनी शटर वर केलं. "अरे वा, आक्का! बरं झालं तुम्हीच आल्या. मागच्या वेळी तुम्ही झटक्यात पसंत केलेला, नानांना तोच पट्टा पसंत पडत नाही."

इंदिराबाईंनी डोळे मोठे केले, पण उशीर झाला होता.

"मागच्या वेळी?" नाना म्हणाले.

हाशमभाईंनी भिंग डोळ्याला लावलं आणि शिकंज्यातल्या पिनेत डोकं घातलं. इंदिराबाई स्टुलावर बसल्या.

"तुमचं मोतीबिंदूचं आपरेशन झालं तव्हा," त्या म्हणाल्या. "दवाखान्यातल्या लोकांवर तुमचा भरोसा नव्हता. घड्याळ माह्याजवळ देलं होतं."

"अन् तू पट्टा बदलला?"

"बाबा त्याच साली गेले होते. घर, शेत अभिमनकडे राह्यलं. बाबांच्या अंगाले लागलेलं एवढंच होतं, अन् ते तुमच्या हाती. तुम्हाले टाइम पाह्यले घड्याळ पाह्यजे, म्हनून तेवढं राहू देलं. पट्टा माह्या पेटीत आहे, लुगड्यात गुंडाळून." त्यांनी पदराने डोळे पुसले आणि लगेच मान ताठ केली. "घड्याळ तुम्ही रुसून घेतलं. पट्टा मी न रुसता घेतला."

नानांना खूप काही बोलायचं होतं. आपल्याला कुणी फसवू शकत नाही असं ते उभ्या सावद्याला सांगत आले होते. पण तोंडून भलतंच निघालं. "मी घोड्यावर बसून राह्यलो, तव्हा तुले लागलं होतं का?"

"बाबा दिवसभर पंगती वाढत होते," इंदिराबाई म्हणाल्या. "घडीघडी रिकामं मनगट पाहत. मंग हात खाली करत."

नानांनी स्वतःच्या रिकाम्या मनगटाकडे पाहिलं आणि हात खाली केला. त्यांना स्वतःची लाज वाटली, अगदी मनापासून वाटली.

"हाशमभाई," ते म्हणाले, "तो पहिलाच बसवा."

"नकली आहे तो, नाना."

"बसवा हो."

दुसऱ्या दिवशी अभिमन यावलहून आला. मांडवात शिरताच त्याने पाण्याचा पेला बाजूला ठेवून नानांचं मनगट हातात घेतलं, पट्ट्यावरून हळूच बोट फिरवलं आणि त्याचे डोळे भरून आले.

"दाजी, बाबांचा हात धरल्यावानी वाटतं. असं काम आता होत नाही."

नानांनी पलीकडे पाहिलं. इंदिराबाई व्याह्यांच्या बायकोला कुंकू लावत होत्या आणि त्यांचं सगळं लक्ष इकडे होतं.

"नाहीच होत," नाना म्हणाले.

जेवणाच्या पंगतीत इंदिराबाई वरणबट्टी वाढत नानांपाशी आल्या, तेव्हा मात्र नानांना राहवलं नाही. त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणला.

"पट्ट्याचं समजलं. पन घड्याळ? घड्याळ तरी तेच आहे ना?"

इंदिराबाईंनी त्यांच्या ताटात बट्टी ठेवली, त्यावर तुपाची धार धरली.

"किती वाजले त्यात?"

"पावनेदोन."

"मंग चालू आहे ना," इंदिराबाई म्हणाल्या आणि पुढच्या ताटाकडे वळल्या. "जेवा."