चाचणीचं वजन

आक्कांची पाळी आली, तेव्हा बागेतल्या आकाशपाळण्याच्या चालकाने अदबीने सांगितलं, की सात नंबरचा डबा आज बंद आहे.

आता हे नीट समजून घ्या. पाळण्याला वीस डबे. चाकांची खुर्ची आत जाईल एवढं रुंद दार फक्त सात नंबरला. दुरुस्तीनंतरचा पहिला महिना म्हणून निम्मेच लोक बसवायचे, असा वरून हुकूम आला होता आणि साहेबांनी विषम आकड्यांच्या डब्यांवर ‘बंद’चे शिक्केवाले कागद चिकटवून दिले होते. सात हा आकडा विषम आहे, याला बिचारे साहेब तरी काय करणार?

आक्का बावीस वर्षं खुर्चीत होत्या आणि या बावीस वर्षांत तळमजल्याच्या वर गेल्या नव्हत्या. वरच्या मजल्यावरचे नातेवाईक त्यांना भेटायला खाली यायचे आणि उभ्याउभ्याच परत जायचे. घर या बागेच्या भिंतीला लागून होतं, त्यामुळे स्वयंपाकघराच्या खिडकीतून हा पाळणा रोज दिसायचा. एकदा त्यात बसून वरून आपलं घर बघायचं, एवढंच त्यांचं मागणं होतं. धाकट्या भावाने दोन वर्षं चालढकल केली. घरात काय बघायचंय, गच्चीवर नुसती टाकी आणि धूळ, असं तो म्हणायचा. त्याला माहीत असणारच, कारण रोज संध्याकाळी तासभर तो टाकी बघायला वर जात असे.

कागद एकेक डबा पुढे सरकवा, असं आक्कांनी सुचवून पाहिलं. शिक्का मारलेला कागद हलवता येत नाही, असं चालक म्हणाला.

एवढ्यात पाळणा थांबला. सात नंबरचा डबा खाली आला की यंत्र आपोआप दोन मिनिटं थांबायचं. दार उघडलं, उतरती फळी बाहेर आली, कोणी चढलं नाही, फळी आत गेली, दार लागलं. प्रत्येक फेरीला हेच चाललं होतं. रांगेतले लोक वैतागले. हा कोणासाठी थांबतोय, असं एकाने विचारलं. अपंगांसाठी, असं चालकाने सांगितलं. सगळ्यांनी मान वळवून आक्कांकडे रागाने पाहिलं.

“मी तर खालीच आहे की,” आक्का म्हणाल्या.

“चल आक्का, घरी जाऊ. नियम म्हणजे नियम,” भाऊ म्हणाला. एरवी वाण्याशीही हुज्जत घालणारा हा माणूस आज फारच समजूतदार झाला होता.

आक्कांची सगळी नोकरी परीक्षा विभागात झाली होती. सूचनाफलक शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. त्यांनी चालकाच्या पाठीमागचा फलक वाचला. कलम अकरा: सात नंबरची चाचणी रोज चाकांची खुर्ची आणि वजन ठेवून, तीन फेऱ्या. कलम बारा: त्या वेळी दुसऱ्या कोणालाही बसवू नये.

आजची चाचणी झाली का, असं त्यांनी विचारलं. चालकाचा चेहरा उतरला. चाचणीची वाळूची पोती रांगेच्या खांबांना टेकू म्हणून लावली होती. नोंदवहीतला आजचा रकाना कोरा होता आणि पाच वाजता साहेब ती वही बघायला येणार होते.

“मला प्रवासी म्हणून बसवूच नका,” आक्का म्हणाल्या. “वजन म्हणून बसवा.”

चालकाने घड्याळ पाहिलं, आक्कांना किलो विचारले आणि वहीत लिहिलं: खुर्ची एक, वजन एकसष्ट. आक्कांनी सहीसाठी हात पुढे केला, तर तो गंभीरपणे म्हणाला, की वजनाची सही लागत नाही. मग त्याने सगळे डबे रिकामे केले. सगळी रांग खाली ताटकळत राहिली आणि आक्का एकट्या वर गेल्या.

पहिल्या फेरीत त्या रडल्या. दुसऱ्या फेरीत त्यांनी सगळं गाव डोळे भरून पाहिलं. तिसऱ्या फेरीत त्यांना आपलं घर सापडलं.

खाली आल्यावर भावाने जमिनीकडे बघतच विचारलं, “दिसलं का काही?”

“टाकी दिसली,” आक्का म्हणाल्या. “तिच्या शेजारी आरामखुर्ची, रेडिओ, रंगीत छत्री आणि फुलांच्या अकरा कुंड्या दिसल्या. धूळ काही कुठे दिसली नाही.”

तो खुर्चीच्या मागे जाऊन उभा राहिला. मग हळूच म्हणाला, “तुला सांगितलं असतं, तर तुला वाईट वाटलं असतं गं.”

“वाटलंच असतं,” आक्का म्हणाल्या. “आताही वाटतंय. चल, ढकल.”

दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्याने अकरा कुंड्या एकेक करून जिन्यातून खाली आणल्या आणि अंगणात मांडल्या. टाकी तो आता आक्कांशेजारी बसून खालूनच बघतो.