एम्प्लॉयी जर्नी, व्हाया आळंदी

चाकणच्या अख्ख्या एमआयडीसीत माणसं ओळखणारा एचआर मॅनेजर एकच, असं मुकुंदचं ठाम मत होतं. हा थोर माणूस त्याला रोज सकाळी सांगवीतल्या त्याच्या फ्लॅटमध्ये, दाढीच्या आरशात भेटायचा!

त्यामुळे त्याच्या कंपनीचे संचालक निरंजनसाहेब पंचतारांकित हॉटेलातलं शिबिर आटोपून आले आणि म्हणाले, "मुकुंद, आपल्याला डिझाइन थिंकिंग करायचंय!" तेव्हा तो जराही डगमगला नाही.

"झालंच म्हणून समजा, सर!"

"कर्मचाऱ्यांचा कामावरचा अनुभव सुधारायचा. गुरुवारी हेड ऑफिसच्या आम्रपाली मॅडम येतायत. त्यांना काहीतरी दिसलं पाहिजे!"

कंपनी मोटारींच्या दारांची रबरं बनवायची. तिथे कर्मचाऱ्यांचा अनुभव म्हणजे उकाडा, रबराचा वास आणि सुपरवायझर. यातलं काहीही सुधारायचं तर खर्च येतो. डिझाइन थिंकिंगला येत नाही, म्हणूनच साहेबांना ते भावलं होतं.

त्या रात्री जेवता जेवता मुकुंदने या विषयावरचा एक व्हिडिओ दीडपट वेगाने पाहिला. त्यातून त्याने तीन गोष्टी उचलल्या. कर्मचाऱ्यांशी समरस व्हा. 'एम्प्लॉयी जर्नी' समजून घ्या. आणि फार विचार न करता एक छोटा प्रयोग करून टाका. शेवटची गोष्ट त्याला विशेष पटली, कारण विचार न करण्याचा त्याला दांडगा अनुभव होता! राहता राहिली ती 'जर्नी'. माणूस नोकरीला लागल्यापासून निवृत्त होईपर्यंतच्या सगळ्या काळाला तसं म्हणतात, हे व्हिडिओतल्या बाईंनी नीट सांगितलं होतं. पण नेमका तेव्हा मुकुंद दुसरी भाकरी आणायला स्वयंपाकघरात गेला होता. त्याने सरळ हिशेब केला. जर्नी म्हणजे प्रवास. कर्मचाऱ्यांचा प्रवास म्हणजे कंपनीची बस!

दुसऱ्या दिवशी स्वतःच्या गाडीचा एसी सोडून तो सांगवीच्या थांब्यावर जनरल शिफ्टच्या बसमध्ये चढला. आत सगळी बस माना टाकून झोपली होती. त्याने तपासणी विभागातल्या विजयश्रीला हलवून जागं केलं.

"ताई, मी तुमच्याशी समरस व्हायला आलोय. आत्ता या क्षणी तुमच्या मनात कोणती भावना आहे?"

"झोपेची, सर."

एवढं बोलून विजयश्रीने डोळे मिटले आणि लगेच टक्क उघडले. एचआर? बसमध्ये? भोसरी यायच्या आत तिने व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकलं, "सावधान! बस बंद करायला साहेब आलाय!" मोबाइल टुणटुणले. बघता बघता सगळी बस जागी होऊन, फोटो काढायला बसवल्यासारखी हसू लागली.

मोशीत ट्रॅफिक तुंबलं. मुकुंदने संधी साधली. "याचा फार त्रास होत असेल, नाही?"

"छे हो सर!" विजयश्री म्हणाली. "ट्रॅफिक म्हणजे आमचा जीव की प्राण! सुट्टीच्या दिवशी चुकल्या-चुकल्यासारखं होतं!"

"आणि बस कशी वाटते?"

"विमानाच्या तोंडात मारील!" मागून कोणीतरी ओरडलं. तेवढ्यात एक खिडकी आपोआप खाली पडली. "बघा, हवेशीर पण आहे!"

मुकुंद हवालदिल झाला. अडचणच नाही म्हटल्यावर सोडवायचं काय, कपाळ? पण पेशंट मला काही होत नाही म्हणाला म्हणून डॉक्टर काय दवाखाना बंद करतो? यांना ट्रॅफिकचा त्रास होतोच आहे, असं त्याने परस्पर ठरवून टाकलं आणि ड्रायव्हर कोंडीरामला गाठलं.

"कोंडीराम, दुसरा रस्ता आहे का?"

"हाय की! आळंदीवरनं आत शिरायचं, की थेट चाकण. पायाखालचा रस्ता हाय साहेब!"

"मग गुरुवारी त्याच रस्त्याने!"

गुरुवारी मुकुंद खास सुटाबुटात आला. मॅडमना फोटो दाखवायचा म्हणून त्याने बसला झेंडूच्या माळा बांधायला लावल्या. बस आळंदीपर्यंत वाऱ्यासारखी आली. पुढे कोंडीरामने ती एका गल्लीवजा रस्त्यात घातली. दोन्हीकडे ऊस. रस्ता अरुंद होत होत शेवटी बसच्या मापाचा झाला, आणि एका गावाच्या तोंडाशी कचकन ब्रेक लागला. समोर रस्ताभर लग्नाचा मांडव!

"कोंडीराम! पायाखालचा रस्ता म्हणालास ना?"

"मंग काय खोटं बोललो? ल्हानपणी हितनंच पायी जायचो की!"

"बस कधी आणली होतीस?"

"तवा बस कुठं व्हती साहेब?"

मुकुंद चौकशीला खाली उतरला मात्र, सनई सुरू झाली! फुलांनी सजवलेली बस आणि सुटातला माणूस. आणखी काय पुरावा लागतो? नवरीची आत्या सोजराबाई तबक घेऊन धावत आली.

"आलं गं बाई वऱ्हाड! आन् ह्ये मामाच दिसत्यात नवरदेवाचं!"

"अहो बाई, मी एचआर!"

"व्हय व्हय, येचारमामा! आदी फेटा बांधून घ्या!"

आकाशी गणवेशातली सगळी बस खाली उतरली. कोणीतरी कुजबुजलं, "समदी येकाच रंगात?" सोजराबाईने तिथल्या तिथे निकाल दिला, "आता तशीच फॅशन हाय!"

पुढे गरमागरम पोहे आले. मागोमाग जिलबी. मुकुंद प्रत्येकाच्या कानाशी लागून सांगत फिरला, "खाऊ नका! गैरसमज झालाय!"

"सर, समरस व्हा, असं तुम्हीच म्हणता ना?" विजयश्रीने दुसरी जिलबी उचलली.

इतक्यात फोन वाजला. साहेब!

"मुकुंद! लाइन बंद पडलीय! मॅडम येऊन बसल्यात! कुठे आहात?"

"सर, एम्प्लॉयी जर्नी सुरू आहे."

"अहो, ती नोकरीला लागल्यापासून निवृत्त होईपर्यंत असते!"

मुकुंदने पुढे मांडव पाहिला, मागे बस पाहिली. "सर, आज तेवढी होईल असं वाटतंय."

आणि तेव्हाच बसच्या मागे हॉर्न वाजू लागले. खरं वऱ्हाड! खरा नवरदेव! आणि बसला अंग घासत, घामाघूम होऊन पुढे आलेला खरा मामा! त्याने फेटेवाल्या मुकुंदकडे पाहिलं, जिलबीच्या रिकाम्या परातीकडे पाहिलं आणि गर्जना केली, "आमचा मान उपऱ्यांना? गाड्या फिरवा रं!"

सोजराबाई मटकन खाली बसली. मांडवाच्या दारात हळदीच्या अंगाची नवरी उभी होती. तिचा रडवेला चेहरा मुकुंदने पाहिला. आपल्या डिझाइन थिंकिंगपायी पोरीचं लग्न मोडणार! आयुष्यात पहिल्यांदाच तो कोणाशी तरी खरोखर समरस झाला. त्याने फेटा उतरवून मामाच्या डोक्यावर ठेवला आणि हात जोडले.

"मामासाहेब, रागावू नका. ही तालीम होती!"

"कसली तालीम?"

"तुमच्या स्वागताची! एवढी मोठी पाहुणेमंडळी यायची, कुठे कमी पडायला नको, म्हणून आधी आम्हा साध्या माणसांवर प्रयोग करून पाहिला. आमच्या कंपनीत याला प्रोटोटाइप म्हणतात!"

मामाच्या मिशा जरा खाली आल्या. "आमच्यासाठी... तालीम घेतली?"

"दुसऱ्या कोणाला असला मान मिळालाय का, सांगा!"

तोवर विजयश्रीने ओढणी कमरेला खोचली होती. रबराच्या लाइनवरची माणसं कांदे, पोहे, कोथिंबीर अशी ओळीने बसली आणि मामाचा फेटा सारखा होईतो दुसरा घाणा तयार झाला! लग्न झोकात लागलं. कंपनीने अक्षता टाकल्या, पंगती वाढल्या, उठवल्या आणि मग स्वतःही जेवली. दुसरं करणार काय? पुढे मांडव, मागे वऱ्हाडाच्या गाड्या. मांडव उतरवल्याशिवाय बस हलणारच नव्हती!

चाकणला पोचेपर्यंत शिफ्ट सुटायची वेळ झाली होती. गेटवर निरंजनसाहेब लालबुंद होऊन उभे होते. शेजारी आम्रपाली मॅडम. बसमधून माणसं गाणी म्हणत, एकमेकांना टाळ्या देत उतरली.

"आश्चर्य आहे!" मॅडम म्हणाल्या. "इतके आनंदी कर्मचारी मी कुठल्याच प्लँटमध्ये पाहिले नाहीत! आजच्या अनुभवात तुम्हाला सगळ्यात जास्त काय आवडलं?"

मुकुंदने डोळ्यांनी विनवण्या केल्या. पण विजयश्रीला राहवलं नाही.

"खरं सांगू का मॅडम? कंपनीत पोचलो नाही, ते!"

मॅडमनी हसू दाबत गाडी मागवली आणि त्या निघून गेल्या. साहेबांनी मुकुंदला केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं. मुकुंदने फेट्यापासून जिलबीपर्यंत सगळं कबूल केलं आणि तो मनातल्या मनात राजीनाम्याची वाक्यं जुळवू लागला.

"मुकुंद," साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले, "जिलबी गरम होती?"

"हो सर."

साहेबांनी खिडकीचा पडदा ओढला. मग आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "त्या बाजूला पुढचा लग्नाचा मुहूर्त कधी आहे, तेवढं कोंडीरामला विचारून ठेवा. आमच्या औंधला बस येत नसेल, तर मी पूल ओलांडून सांगवीला येऊन थांबेन."