डाव्या मोज्यातला डॉलर

आधीच सांगते, माझी शाळा चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, आणि अक्षराचं तर विचारूच नका. मी 'मिरी' लिहून दिलं की आमचा मुलगा संदीप ग्रोसरीतून मोहरी घेऊन येतो. पण अण्णांबद्दल लिहायचं मनात बसलंय, आणि चारचौघांत सांगायला माझं तोंड उघडत नाही. तेव्हा चुकांसकट घ्या.

तर अण्णा. आमच्या कॅनडातल्या ग्वेल्फ गावच्या फुटबॉल क्लबचे जुने कोच. दर मॅचच्या आधी हा पांढऱ्या मिशांचा माणूस सगळं सोडून माझ्या खुर्चीपाशी यायचा आणि हात पुढे करायचा.

"वैनी, एक डॉलर उसना द्या."

दुकानातली ट्रॉली सोडवायला लागतं म्हणून डॉलरचं नाणं माझ्या पर्समध्ये असतंच. ते मी द्यायची. मग अण्णा दोन्ही टीमच्या देखत एका पायावर उभे राहायचे, डावा बूट काढायचे, नाणं मोज्यात सारायचे, बूट चढवायचे आणि पाय दाणदाण आपटायचे. नवीन माणसाला वाटायचं, ह्यांच्या पायात काटा गेलाय.

मॅच जिंकली की डॉलर परत. तोही मोज्यातून निघालेला, गरम गरम. हरली की मान हलवून म्हणायचे, "राहिला बघा वैनी." आमची टीम जिंकणाऱ्यांतली नव्हती. त्यामुळे बरेच राहिले.

माझ्या शेजारी डग बसायचा. अजून बसतो. फॅक्टरीतून रिटायर झालेला गोरा म्हातारा, घडीची खुर्ची आणि थर्मास घेऊन येतो, क्लबचा सगळ्यात जुना चाहता. त्याने एकदा मोठ्या मनाने दोन डॉलरचं नाणं पुढे केलं. अण्णांनी त्याच्याकडे असं बघितलं, जसं उपासाच्या ताटात अंडं वाढलंय.

"नो, नो, डग. ओन्ली वैनी डॉलर."

डगला वाटलं, वैनी ही डॉलरची कुठली तरी जात आहे. बँकेत जाऊन विचारून आला, वैनी डॉलर मिळतो का म्हणून. नंतर त्याला समजलं की वैनी म्हणजे मी. तेव्हापासून सगळा क्लब मला वैनी म्हणतो. माझं खरं नाव तिथे कुणाला ठाऊक नाही.

क्लब म्हणजे फार मोठं काही समजू नका. पगार कुणालाच नाही. दिवसभर आपापलं काम करायचं आणि रविवारी खेळायचं. एक प्लंबर, एक बेकरीवाला, दोन पंजाबी ट्रक ड्रायव्हर, एक शाळामास्तर. बघायला दहा-बारा माणसं आणि काळ्या मानेची ती भांडखोर बदकं.

त्या बदकांमुळेच माझी अण्णांशी ओळख झाली. मालक गेल्यावर संदीपने मला इकडे आणलं. दिवसभर घरात कुणी नाही. मैदान आमच्या घराच्या मागेच, म्हणून चालायला जायची. एक दिवस बदकांनी मला घेरलं. मी इंग्रजीत काय बोलणार? लागले आपल्या भाषेत. "हड! मुडद्यानू, तुमच्या बापाचं रान हाय व्हय हे?"

मागून आवाज आला, "गडहिंग्लज का चंदगड?"

बघते तर अंगात जांभळं, कमरेत आवळलेलं बायकी जॅकेट घातलेला मिशाळ माणूस.

"गडहिंग्लज," मी पदर सावरत म्हणाले.

"वाटलंच. मी कोल्हापूरचा, चौगुले. रविवारी मॅचला या. नुसतं बसा. बदकं तेवढी हाकला."

अशी मी चाहती झाले. फुटबॉलमधलं मला तेव्हा एवढंच कळायचं की हात लावायचा नाही.

जॅकेटची गोष्ट डगने सांगितली. अण्णा कोल्हापुरात एका तालमीच्या टीममधून खेळलेले. इथे कारखान्यात नोकरीला आले, आणि पुढे हा क्लब बिनपगारी सांभाळायला लागले. सगळे त्यांना कोच अण्णा म्हणायचे. लीगवाल्यांना वाटलं, अण्णा म्हणजे ॲना, कुणी बाई आहे. त्यांनी सगळ्या कोचना जॅकेटं पाठवली, त्यात अण्णांना हे आलं. बदलून घ्या म्हटलं तर म्हणाले, "ऊब हाय की. खिसं मात्र नावालाबी न्हाईत." डगचं म्हणणं, खिसे नाहीत म्हणूनच हा माणूस पैसे मोज्यात ठेवतो. मलाही ते बरीच वर्षं पटलं होतं.

अण्णांचं इंग्रजी मॅच सुरू होईपर्यंत टिकायचं. शिट्टी वाजली की कोल्हापूर सुरू. "सोड त्याला! दाब! आरं दाब की मर्दा! जेवायला बसलाईस व्हय?" पोरं बिचारी अंदाजाने धावायची. सगळ्यात मोठा घोटाळा 'मार'चा झाला. गोलासमोर बॉल आला की अण्णा ओरडायचे, "मार! मार!" आणि गोऱ्या पोरांना ऐकू यायचं 'मार्क'. मार्क म्हणजे समोरच्या खेळाडूला जाऊन चिकटायचं. आमचा केविन, तो प्लंबर, अंगापिंडाने दरवाजाएवढा. गोल रिकामा, पायात बॉल, आणि हा बॉल तिथेच सोडून दुसऱ्या टीमच्या माणसाला जाऊन चिकटायचा. तो माणूसही गोंधळायचा. एकदा तर त्याने केविनला विचारलं म्हणे, "माझं काही चुकलं का?"

अख्खा सीझन असा गेला. शेवटी एका पंजाबी ड्रायव्हरने उलगडा केला. मारना म्हणजे मारना, किक! त्यानंतर केविन पक्का तयार झाला. 'मार' ऐकलं की मागेपुढे न बघता मारायचा. जायचा कुठेही, पण मारायचा.

आता नवा कोच आलाय. पोरगा चांगला आहे. हातात टॅब्लेट असतो, हळू आवाजात बोलतो, त्याच्यामुळे टीम जरा जिंकतेही. पण मी, डग आणि गोलकीपरची आई फर्नांडा खुर्च्या टाकून बसलो की बोलणं अण्णांवरच येतं. फर्नांडा पोर्तुगीज आहे. ती म्हणते, अण्णांच्या वेळी हरलं तरी घरी जाऊन सांगायला काही तरी असायचं. आता जिंकलं तर जिंकलं, सांगायचं काय?

अण्णा क्लब सोडून कसे गेले ते सांगायला हवं.

त्या वर्षी कमिटीने ठरवलं होतं, टीम खालच्या गटात घसरली तर कोच बदलायचा. शेवटची मॅच जिंकायलाच हवी होती. अण्णांनी माझ्याकडून डॉलर घेतला, पण त्या दिवशी पाय आपटला नाही.

बरोबरी होती. संपत आलेलं. केविनच्या पायात बॉल, समोर गोलकीपर घसरून पडलेला. एवढी वर्षं ओरडणारा माणूस त्या क्षणी घाबरला. पोराला कळलं नाही तर? काही चूक नको म्हणून अण्णा स्वच्छ इंग्रजीत ओरडले, "किक, केविन! किक!"

आणि केविन थांबला. हे कोण ओरडतंय म्हणून त्याने वळून बघितलं. तेवढ्यात बॉल गेला. वर उलटा आमच्यावरच गोल झाला तो वेगळाच.

निरोपाला कमिटीने केक आणला. फोनवरून सांगितला असणार, कारण गुलाबी क्रीमवर 'थँक यू ॲना' लिहिलेलं आणि कोपऱ्यात फुलपाखरू. सेक्रेटरीचा चेहरा पडला. अण्णा सगळ्यांच्या आधी हसले. इतके हसले की बाकीच्यांनाही हसावं लागलं. मग फुलपाखराचा तुकडा कापून केविनला दिला. तो कोपऱ्यात रडत होता. त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "खा मर्दा. तुझी न्हाई, माझी चूक. तुझं मराठी माझ्या इंग्रजीपेक्षा चांगलं हाय."

पुढच्या आठवड्यात सकाळी बेल वाजली. दारात अण्णा, हातात कॉफीचा डबा. डबा खुळखुळत होता.

"वैनी, हिशेब घ्या."

"कसला?"

"मोज्यातला."

सगळे राहिलेले डॉलर. मी म्हटलं, आत या, चहा घ्या. आत आले नाहीत, पायरीवरच बसले. घर विकलंय म्हणाले. गुडघे धड नाहीत, लेक लांब रिचमंड हिलला असते, तिच्या काँडोत, म्हणजे फ्लॅटमध्ये, जाणार.

"पण पैसे कशाला परत? ते काय मी मागितले होते?"

अण्णा जॅकेटची चेन वरखाली करत राहिले. मग म्हणाले, "ते सुमनचं हाय सगळं."

सुमन म्हणजे त्यांची बायको. मी यायच्या आधीच गेलेल्या. मी त्यांना कधी पाहिलं नाही.

"तिकडं माझा खेळ लई धसमुसळा. मॅच संपली की मारामारी ठरलेली. निम्मी पोरं दवाखान्यात जायची. मग ही निघताना रुपया द्यायची. उसना. म्हणायची, माझा रुपया घेतलाय, आता फेडायला घरला यायलाच पायजे. इथं आलो तर डॉलर द्यायला लागली. इथं कोण मारतंय मला? तरी द्यायची. ती गेल्यावर वाटलं, झालं, आता कोण देणार. मग तुम्ही दिसला, बदकांस्नी शिव्या घालताना. आवाज बी तसाच."

मी पदर तोंडाला लावून उभी.

"मग आता का फेडताय?" मी कसंबसं विचारलं.

"आता परत कुठं यायचंय वैनी?" म्हणाले आणि गुडघ्यावर हात टेकून उठले.

मी आयुष्यात कुणाला मोठ्याने हाक मारली नाही. पण ते फुटपाथपर्यंत पोचले आणि मी ओरडले, "अण्णा!" शेजारचा कुत्रा भुंकायला लागला.

"एक डॉलर जास्त आलाय."

त्यांनी माझ्या हातातल्या डब्याकडे बघितलं. झाकण अजून लावलेलंच होतं.

"असू दे की."

"असू दे कसं? तुमचं देणं लागते मी. घ्यायला यावं लागेल."

अण्णांनी मिशीवरून हात फिरवला आणि गेले.

आले नाहीत. थंडी गेली, बर्फ शोव्हल करून करून संदीपची पाठ धरली, मैदान हिरवं झालं, मॅचा सुरू झाल्या. डग फोन करायचा तर अण्णा म्हणायचे, बिझी आहे. लेकीने संदीपला सांगितलं, बाबा खिडकीपाशी बसून असतात, खाली बागेत चला म्हटलं तरी येत नाहीत.

तेव्हा मी फोन लावायचा ठरवला. मला फोनवर बोलायची भीती वाटते, म्हणून आधी देवापुढे बसून काय बोलायचं ते पाठ केलं. पलीकडून "हॅलो" आलं आणि पाठ केलेलं सगळं गेलं.

"अण्णा, माझ्याकडे तुमचा डॉलर आहे."

"वैनी, एका डॉलरनं काय हुतंय?"

"मला होतं. मी कुणाचं ठेवून घेत नाही. रविवारी मॅच आहे, डग गाडी घेऊन येतोय."

"पर वैनी..."

मी फोन ठेवला. ठेवला कसला, हातातून पडला. मग डगला सांगायला गेले, कारण त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. "डग, संडे, यू गो, ब्रिंग अण्णा." त्याने एवढंच विचारलं, "किती वाजता?"

आणि अण्णा आले. तेच जांभळं जॅकेट, हातात काठी. फर्नांडाने स्वतःची खुर्ची दिली आणि आपण गवतावर बसली. पोरं लांबूनच हात हलवत होती. नवा कोच येऊन शेकहँड करून गेला. अण्णा अगदी पाहुण्यासारखे बसले, तोंड मिटून. मी पर्समध्ये नाणं घट्ट धरून होते. म्हटलं, दिलं की संपलं. मग कशाला येतील? असं करत अर्धी मॅच गेली.

मग केविनकडे बॉल आला. कोच हळू आवाजात काही तरी सांगत होता. अण्णांचा हात काठीवर घट्ट झाला, आणि काय झालं कुणास ठाऊक, खुर्चीतून अर्धे उठून ओरडले, "मार!"

केविनने वळून बघितलं नाही. मारला. बॉल गोलाच्या वरून उडाला आणि बदकांच्या मधोमध पडला. बदकं कलकलाट करत उठली. डग खुर्चीतून पडता पडता वाचला.

"दिशा चुकली," अण्णा म्हणाले, "पर मारला गड्यानं." आणि चष्मा काढून पुसायला लागले. बराच वेळ पुसत होते.

आमची टीम हरली. अण्णांच्या नियमाने हरल्यावर पैसे द्यायचे नसतात. पण माणूस एवढा लांबून आलाय, मला राहवेना. नाणं काढलं आणि त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते उलटसुलट करून बघितलं, त्यावरच्या पक्ष्यावर अंगठा फिरवला.

"फिटलं वैनी," म्हणाले. "सगळं फिटलं."

डग खुर्च्या घडी करायला लागला. पोरं कपडे बदलून निघाली. अण्णा नाणं मुठीत धरून तसेच बसून राहिले. फिटलं म्हणाले, पण उठायचं नाव नाही.