डॉक्टरच्या झोपेचा बंदोबस्त

१९५७ च्या पावसाळ्यात फ्ल्यूची साथ चांदा जिल्ह्याच्या जंगलात पोचली, आणि तिच्या मागोमाग सरकारही पोचलं, ही गोष्ट प्रशासनाच्या दृष्टीने गौरवाची आहे. डॉक्टर पुरेनात, म्हणून नागपूरच्या कॉलेजात डॉक्टरकी शिकणारी पोरं उचलून गावोगाव एकेक अशी पेरण्यात आली. गोंडपिपरीपलीकडच्या एका गावाच्या वाट्याला मनसाराम आला. ढिवराचा पोर. घरी बाप तळ्यात जाळं टाकायचा आणि पोरगा डॉक्टर होणार म्हणून ताठ मानेनं फिरायचा.

शाळेचा दवाखाना झाला आणि रात्रंदिवस रोग्यांची रीघ लागली. मनसारामची आधी झोप उडाली, मग भूक गेली. एकदा तो रोग्याऐवजी खाटेच्या पायाचीच नाडी पाहत बसला. एका रात्री तर गावातल्या बुधरीच्या लेकराला खोकल्याचं औषध म्हणून त्यानं आयोडीनची बाटली वाकवली. कंपाउंडर इस्तारीनं हात धरला म्हणून निभावलं. मनसाराम शाळेमागं जाऊन ढसाढसा रडला.

"डाक्तर, एक दिवस झोपा बाप्पा," इस्तारी म्हणाला. "नाई तं आपुन दोघंई फासावर जाऊ."

साथ-निवारण अधिकारी वडनेरकरसाहेबांची जीप आली, तेव्हा मनसाराम हात जोडून पुढे झाला. "साहेब, मले एक दिवस झोपू द्या. नाई तं माह्या हातून कोणी मरंल."

"ताप आहे?"

"नाई."

"खोकला?"

"नाई."

"मग तू निरोगी आहेस. थकवा साथीच्या रोगांत मोडत नाही. आणि समजा आजारी असतास, तरी दाखला देणार कोण? या हद्दीत डॉक्टर तूच. स्वतःला दाखला दिलास तर लबाडी, नाही दिलास तर कर्तव्यात कसूर."

साहेब निर्दय मात्र नव्हते. विद्यार्थ्यांच्या मनःस्वास्थ्याबद्दल शासनाला कळकळ होतीच. लगोलग जिल्ह्यात उल्हास समिती नेमली गेली. विद्यार्थी हसत नाहीत म्हणून थकतात, असं समितीनं शोधून काढलं. सबब रोज पहाटे, दवाखाना उघडण्याआधी, कवायत, समूहगीत आणि सक्तीचं हास्य. या गावी समूह म्हणजे एकटा मनसाराम. पण नियम तो नियम. या कार्यक्रमाला वेळ कुठून काढायचा, हा प्रश्न समितीनं त्याच्या उरल्यासुरल्या झोपेतून सोडवला.

पहाटे पटांगणात डॉक्टर एकटाच हातपाय झाडतो, गातो आणि डोळ्यांतून पाणी गाळत हसतो, हे बुधरीनं पाहिलं. ती तडक वारलूकडे गेली. वारलू गावचा भुमक, म्हणजे पुजारी. त्यानं दुरूनच डॉक्टरकडे नजर टाकली.

"याले लागलं," तो म्हणाला. "गाव बांधा लागते."

रोगराई शिरली की गाव बांधायची तिकडे रीत होती. शिवेवर दोरी ताणायची. दिवस मावळेपर्यंत कोणी आत यायचं नाही, बाहेर जायचं नाही, कोणी कामाला हात लावायचा नाही. डॉक्टरही त्या शिवेच्या आतलाच, त्यामुळे त्यालाही नियम लागू झाला. तापकरी घरोघरी पेज पिऊन पडून राहिले. दवाखान्यात तरी त्यांना याहून फार काही मिळत नव्हतं. आज कोणी हाक मारणार नाही, एवढंच मनसारामला उमगलं, आणि तो खाटेवर पडला तो गाढ झोपला.

दुपारी जीप आली. साहेबांबरोबर उल्हास समितीचे अध्यक्ष होते, चांद्याचे एक वकील. नागरिकांच्या वतीनं डॉक्टरचा सत्कार करायला ते हार घेऊन आले होते. दोरी पाहताच साहेबांना स्थानिक चालीरीतींबद्दल एकाएकी आदर वाटू लागला आणि ते जीपमध्येच बसून राहिले. वकील मात्र पुरोगामी होते. त्यांनी धोतर सावरलं आणि दोरी ओलांडली.

वारलू आडवा आला. "वकीलभाऊ, पोरगं झोपून राह्यलं. सांजेला या."

"अरे, देवमाणसाच्या दर्शनाला मुहूर्त लागतो होय?"

वकिलांनी मनसारामला गदागदा हलवून उठवलं, हार घातला आणि उभं करून भाषण दिलं. स्वतः न झोपता जगासाठी जागणारे असे वीर दुर्मीळ, असा भाषणाचा विषय होता. भाषण चांगलं लांबलं. मग ते त्याच्याच खाटेवर टेकले.

"आता उठलाच आहात, तर जरा बघता का? सकाळपासून घसा खवखवतोय."

मनसारामला रडू फुटलं. वकिलांचेही डोळे पाणावले. "काय ही रुग्णांबद्दलची तळमळ!" ते म्हणाले, आणि त्यांनी आ केला.

वकीलसाहेबांना खुशाल नावं ठेवा. तुम्ही शिकलेसवरलेले, दोरीबिरी मानणारे नव्हेच. तुमच्या गल्लीतल्या डॉक्टरच्या दारावर विश्रांतीच्या वेळेची पाटी असते, तीही तुम्ही कधी मानली नाहीत. आणि वकिलांनी निदान हार तरी नेला होता.