सत्तावीस नंबरची मुलगी

"बाबा, तू फक्त समोर उभं राहायचंस आणि बघायचंस. बाकी काही करायचं नाही," लेकीने रविवारी सकाळी बापाला तिसऱ्यांदा बजावलं.

"अगं, बघण्यात काय एवढं? बघतो की!" बाप म्हणाला. आयुष्यात काही वाक्यं माणूस इतक्या सहज बोलून जातो की नंतर आठवली तरी जीभ चावावीशी वाटते. हे त्यातलंच एक.

लेक आठ वर्षांची. घरात तिला सगळे खारूताई म्हणत, कारण ती जमिनीवर क्वचितच सापडे. कोपऱ्यावरच्या बागेत डोक्यावरून जाणारी एक लोखंडी आडवी शिडी होती, अकरा दांड्यांची. लोंबकळत, एक एक दांडी धरत टोक गाठायचं. दोन महिने ती नवव्या दांडीवरून पडत होती. आज अकराही करायच्या होत्या आणि त्या बाबांनी बघायच्या होत्या. गेले तीन रविवार बाबांना वेळ नव्हता.

बाबा दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर कारकून होता. एकोणीस वर्षं त्याने लोकांना नंबर देण्याचं काम इमानेइतबारे केलं होतं. गर्दी दिसली की त्याचा हात आपोआप खिशातल्या पेनाकडे जाई. लग्नाच्या जेवणातसुद्धा बायको त्याला ताटांपासून लांब उभं करी.

बागेत पोचले तेव्हा शिडीखाली सात-आठ पोरांची झुंबड उडाली होती. दोन मुलगे एकाच दांडीला लटकून एकमेकांना लाथा मारत होते. कारकुनाने क्षणभर कळ काढली. मग त्याच्या तोंडून खिडकीतला आवाज निघाला, "एकेक करून! ढकलाढकली नको! नंबर घ्या!"

पोरं चिडीचूप. असा आवाज त्यांनी शाळेतही ऐकला नव्हता.

कारकुनाने खिशातली छोटी वही काढली, पानं टराटरा फाडली आणि चिठ्ठ्या करायला बसला. लेक म्हणाली, "बाबा, आपण बघायला आलोय ना?"

"पाच मिनिटं गं. एकदा शिस्त लागली की झालं."

शिस्त लागली, तिथेच घात झाला. झोक्याजवळच्या एका आईने विचारलं, "झोक्याचे नंबरही इथेच मिळतात का?" नाही म्हणणं कारकुनाच्या रक्तात होतं, पण ते कागद अपुरे असले तर. इथे कागद भरपूर होते. मग घसरगुंडीवाले आले. मग बॅडमिंटनचं कोर्ट तासभर अडवून बसलेल्या दोघांची तक्रार घेऊन एक आजोबा आले. बागेच्या रखवालदाराने स्वतःची खुर्ची आणून दिली आणि नंबर पुकारायचं काम आपण होऊन उचललं. रखवालदाराला नोकरीत पहिल्यांदाच करण्यासारखं काही काम मिळालं होतं.

"नाव?" कारकून मान वर न करता विचारत होता. "वय? काय होतंय?"

"काही होत नाहीये," समोरची चिमुरडी म्हणाली. "झोका हवाय."

"आधी आली होतीस का? जुनी चिठ्ठी?"

एक धिप्पाड माणूस काखेत बास्केटबॉल घेऊन बाजूने घुसला. "साहेब, दोनच मिनिटं, फक्त विचारायचंय..."

"सगळ्यांना फक्त विचारायचंच असतं! मागे जा!"

रांग थेट फाटकापर्यंत गेली. रस्त्यावरून जाणारी माणसंही कशाची रांग आहे हे न विचारता उभी राहू लागली. कारकुनाला कित्येक वर्षांत इतका आनंद झाला नव्हता. इथे कुणी शिव्या देत नव्हतं.

लेक समोर येऊन उभी राहिली. "बाबा, आता माझी पाळी."

"तुझा नंबर?" आणि मग जरा ओशाळून, पण तत्त्वाला चिकटून, "हे बघ, आपलं माणूस म्हणून आधी सोडलं तर लोक काय म्हणतील? हा घे सत्तावीस. पुकारतील."

तिने चिठ्ठी घेतली. घडी घालून खिशात टाकली आणि शिडीकडे गेली.

चौसष्ट नंबरची चिठ्ठी लिहिताना शिडीकडून एकदम टाळ्यांचा कडकडाट झाला, आरडाओरडा झाला. कारकुनाची ओळ चुकली. त्याने वहीवरची नजर न काढता टेबल नसल्यामुळे मांडीवरच थाप मारली आणि ओरडला, "शांतता ठेवा! हा काय बाजार आहे?"

टाळ्या थांबल्या. सगळी बाग गप्प झाली.

"अहो, असं काय करता?" रांगेतल्या एक बाई म्हणाल्या. "एवढीशी पोर, शेवटच्या दांडीपर्यंत गेली. टाळ्या वाजवल्या तर काय बिघडलं?"

"कितवा नंबर होता?"

"सत्तावीस," रखवालदार म्हणाला.

कारकुनाच्या हातातलं पेन गळून पडलं. तो उठला. मागून चौसष्ट, पासष्ट, सहासष्ट ओरडत राहिले. लेक शिडीच्या पलीकडच्या टोकाला उभी राहून तळहातांवर फुंकर घालत होती. त्याला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं, पण एवढे लोक बघत होते.

दोघं घरी निघाले. वाटेत तिनेच विचारलं, "कशी गेले मी?"

"एकदम झकास," तो म्हणाला.

"नवव्या दांडीला काय झालं, बघितलंस?"

"हो... म्हणजे... मस्त पकडलीस."

"नाही पकडली. एक हात सुटला होता. मी तुझ्याकडे बघितलं," ती म्हणाली. "तू लिहीत होतास. वरून सगळं दिसतं, बाबा."

दोन दुकानं मागे पडली. मग तो हळूच म्हणाला, "चुकलं माझं. परत जाऊ या का? आत्ता?"

"हात दुखतायत. पुढच्या रविवारी आईला नेणार आहे."

"मी पण येतो."

तिने चालता चालता नीट विचार केला.

"ये की. पण बघणार आई. तू माझ्या चपला सांभाळ."

"सांभाळतो," तो म्हणाला, आणि या कामात तरी चूक व्हायला नको म्हणून तिच्या चपलांकडे बघत घरापर्यंत चालत गेला.