दुबळ्या पेटीचं दार

"माश्या सांभाळणं म्हणजे काय, ऑफिस चालवणंच!" तात्या म्हणाले. "आयुष्यभर तेच केलं मी. तू बिनघोर जा!"

माईची बहीण पाय घसरून पडली होती, त्यामुळे तिला जाणं भागच होतं. पण बिनघोर कशी जाणार? परसात तिच्या दोन मधपेट्या होत्या. एक दांडगी, दुसरी दुबळी. दुबळीतल्या माश्यांचा घोळका माईने स्वतः फाटकावरून उतरवून आणला होता. आता थंडी तोंडावर आली होती, फुलं संपत आली होती आणि दुबळीत मध बेताचाच होता. तो सरला तर त्या माश्या हिवाळा काढू शकणार नव्हत्या.

"दुबळीला संध्याकाळी साखरेचा पाक द्या. पेटीच्या आत. बाहेर थेंब सांडायचा नाही," माईने बजावलं. "आणि तिच्या दारातली लाकडी पट्टी काढायची नाही. दार बारीक असलं तरच पहारा नीट होतो."

"अगं, मला शिकवतेस?"

दुसऱ्या दिवशी दुपारी तात्या परसात चहा घेत बसले होते. बघतात तर दुबळीच्या दारातून दोन माश्या एका जाडजूड माशीला पंखाला धरून फरफटत बाहेर काढतायत! ती बिचारी पुन्हा आत घुसायची, त्या पुन्हा बाहेर लोटायच्या.

"तात्या, तो नर आहे," सून म्हणाली. ती कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. "थंडीच्या तोंडावर हाकलतात नरांना. काम काही करत नाहीत, नुसते बसून खातात."

तिसऱ्या बिस्किटाकडे निघालेला तात्यांचा हात हवेतच थांबला. ते गेल्याच वर्षी रिटायर झाले होते.

"म्हणजे गरज सरो नि वैद्य मरो? पेन्शन नाही, निरोपसमारंभ नाही, थेट पंखाला धरून बाहेर?"

"निसर्ग आहे तो, तात्या."

"कसला निसर्ग! नुसती मनमानी!"

सून कॉलेजला गेली आणि तात्यांनी दारातली पट्टी उपटली. दार ऐसपैस झालं की आत कोण आलं नि कोण गेलं, विचारतो कोण? ऑफिसात तरी कुठे विचारायचे! संध्याकाळी पाक ढवळायला मोठा चमचा सापडेना, तेव्हा तीच पट्टी कामी आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुबळीच्या दारात जत्रेसारखी गर्दी! तात्यांनी छाती फुगवून फोन लावला.

"अगं, तुझी दुबळी पैलवान झाली!"

"एका रात्रीत?"

"व्यवस्थापन म्हणतात याला!"

"दारात भांडणं होतायत का?"

"थोडी धक्काबुक्की आहे. गर्दी म्हटल्यावर चालायचंच."

"आणि दांडगी?"

"तिथंही झुंबड! सगळ्या कशा पोटं तट्ट फुगवून घरी येतायत."



"अहो, पट्टी कुठाय?"

"कुठली पट्टी?"

"अहो!!"

या 'अहो'चा अर्थ तात्यांना लग्नापासून ठाऊक होता.

"ती गर्दी नाही, दरोडा आहे! दांडगीच्या माश्या दुबळीचा मध लुटतायत!"

"घरातल्या घरात?"

"त्यांना काय ठाऊक घर एक आहे ते! चादर भिजवून पेटीवर टाका, दारात पट्टी लावा. पळा!"

तात्यांनी चादर भिजवली, स्वयंपाकघरातून पट्टी उचलली आणि धावले. पट्टीला बोटभर पाक चिकटलेला! दरोडेखोरांना हे म्हणजे घरपोच आमंत्रणच. अर्धी टोळी पट्टीवर तुटून पडली. एकीने नाकावर सही केली, दुसरीने कानावर शिक्का मारला. पेटीवर टाकायची चादर तात्यांनी स्वतःवरच ओढली आणि पट्टीसकट आंधळी कोशिंबीर खेळल्यासारखे ठेचकाळत स्वयंपाकघरात घुसले. ओट्यावर पाकाचं पातेलं उघडंच होतं. ते बघून उरलेली टोळीही दुबळीला सोडून आत आली!

तेवढ्यात सून घरी आली. फ्रिजच्या आडोशाला एक ओली चादर थरथरत उभी.

"तात्या?"

"मी नाही!" चादर म्हणाली.

सुनेने चादर ओढून घेतली, दुबळीवर टाकली आणि दारात फूटपट्टीचा तुकडा अडकवून फट बारीक केली. अंधार पडू लागला तशा माश्या खिडकीतून परत गेल्या, पण पातेलं चाटूनपुसून.

माई दुसऱ्याच दिवशी परतली. दुबळी तिने एका हाताने मागून जराशी उचलून पाहिली. सहज उचलली गेली, इतका मध कमी झाला होता. मग तिने दांडगीतल्या मधाने भरलेल्या दोन चौकटी काढून दुबळीत घातल्या.

"मुद्देमाल परत!" तात्या लांबूनच म्हणाले. "झाली की फिट्टंफाट!"

"निम्मा दांडगीच्यांनी खाल्ला. तो कोण भरणार?"

थंडी कडक पडली. सकाळी गवतावर गोठलेल्या दवाचा पांढरा थर दिसायचा. तात्या मफलर गुंडाळून रोज दुबळीला कान लावायचे. एका सकाळी काहीच ऐकू येईना. त्यांनी मफलर काढला, उघडा कान लाकडाला चिकटवला, श्वास रोखला. खूप आतून, बारीक, एकसारखी गुणगुण आली.

"जिवंत आहेत गं! सगळ्या जिवंत आहेत!"

"हळू! दचकतील त्या," म्हणत माईने त्यांच्या हातात चहाचा कप दिला. पण तीही हसत होती.

तात्यांनी विजयी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"अगं, साखर?"

"पेटीत."

"सगळी?"

"सगळी. थंडी संपेपर्यंत."

तात्यांनी निमूटपणे पुन्हा पेटीला कान लावला. आतली मंडळी त्यांच्या साखरेवर झकास गुणगुणत होती.